आधी ठिपके दाखवा, मग नकाशा

पारनेरचा एक लांडगा एकदा माझ्या डोळ्यांदेखत उत्तर ध्रुवाच्या वाटेवर जाऊन बसला. वन्यप्राण्यांच्या जुन्या नोंदींची एक भलीमोठी एक्सेल फाइल साफसूफ करायचं काम माझ्याकडे आलं होतं. भरणाऱ्याने काही ओळींत अक्षांशाच्या रकान्यात रेखांश आणि रेखांशाच्या रकान्यात अक्षांश टाकला होता. सगळीकडे तसं असतं तर एका फटक्यात उलटवून टाकलं असतं, पण हे मधूनमधून, लहर लागेल तसं. पारनेर साधारण १९ अंश उत्तर आणि ७४.४ अंश पूर्व. उलटं केलं की ७४.४ अंश उत्तर आणि १९ अंश पूर्व. तिथे नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात एक बेट आहे. त्याचं नाव बेअर आयलंड, म्हणजे अस्वलबेट. आमचा लांडगा नेमका त्यावर. चहाच्या वेळी सगळ्यांना स्क्रीन दाखवून झाली आणि दिवसभर हसलो.

अशी चूक परवडली. ती डोळ्यांत भरते आणि दुरुस्त होते. त्याच फाइलमध्ये बेडकांच्या अकरा नोंदी होत्या आणि ठिकाणाच्या रकान्यात नुसतं ‘आंबोली’ लिहिलेलं होतं. कुणीतरी इंटरनेटवर आंबोली शोधली, पहिला मिळालेला बिंदू उचलला आणि अकराही नोंदींना चिकटवला. तो बिंदू पडत होता बाजारपेठेत, एस. टी. थांबते त्याच्या आसपास. हे बेडूक कुठे सापडले असतील? कुणी ओढ्यात, कुणी कातळावर, कुणी देवराईतल्या पाल्यापाचोळ्यात. पण संगणकाला त्यात काहीच वावगं दिसत नाही. जमिनीच्या वापराचा थर जोडला, की तो निमूटपणे शिकतो: या बेडकाला डांबर, सिमेंट आणि पत्र्याची छपरं मानवतात.

आणि मग त्यावरून नकाशा निघतो. लाल, पिवळा, हिरवा, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली किलोमीटरची पट्टी. तो पाहिल्यावर अकरा बेडकांची आठवण कुणाला राहत नाही.

असे नकाशे आता आपल्या सार्वजनिक आयुष्यात शिरलेत. खाणीच्या, रस्त्याच्या, धरणाच्या पर्यावरण अहवालांत ते असतात, न्यायालयात दाखल होतात, अभयारण्याच्या हद्दी ठरवताना टेबलावर पसरले जातात. माझं म्हणणं असं आहे. एखादा जीव कुठे राहतो हे सांगणारा नकाशा जर कुणाच्या जमिनीचा, रोजगाराचा किंवा त्या जिवाच्या अस्तित्वाचा निकाल लावायला वापरायचा असेल, तर त्यासोबत मूळ ठिपके, ते कुणी कधी टिपले ते, आणि नकाशा ज्या कृतीने बनला ती सगळी कृती जाहीर केली पाहिजे. नसेल तर तो नकाशा पुरावा म्हणून विचारात घेऊच नये. आणि नकाशावरची कोरी जागा म्हणजे ‘इथे काही नाही’ असं वाचायला तर कायद्यानेच मनाई हवी.

हे साधन चालतं कसं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात जादू काही नाही. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे मॅक्सेंट. स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शापिरे यांनी २००६ साली त्याची पद्धत मांडली. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: प्राणी किंवा वनस्पती जिथे दिसली ते ठिपके, आणि पाऊस, तापमान, उंची अशा गोष्टींचे थर. हवामानाचे १९ थर ‘वर्ल्डक्लिम’ या संचातून आयते मिळतात. सॉफ्टवेअर तुमच्या ठिपक्यांवरचं हवापाणी बघतं, सगळ्या प्रदेशातून सरसकट उचललेल्या हजारो बिंदूंवरचं हवापाणी बघतं, आणि दोन्हींतल्या फरकावरून सांगतं, की तुमच्या ठिपक्यांसारखी जागा आणखी कुठे कुठे आहे. या अंदाजालाच मॉडेल म्हणतात. सॉफ्टवेअरला एवढंच येतं. ‘तिथे तो प्राणी आहे’ असं ते कधी म्हणतच नाही. ते म्हणणारे आपण.

नकाशा काढायला दहा मिनिटं पुरतात, हीच खरी अडचण आहे. पूर्वी एखाद्या पक्ष्याचं आढळक्षेत्र आखायला माणसाचं आयुष्य जायचं, त्यामुळे आखणारा आपोआप जपून बोलायचा. आता तीन महिन्यांचा कोर्स केलेला मुलगा संध्याकाळपर्यंत चाळीस प्रजातींचे नकाशे काढून देतो. त्याचा दोष नाही. त्याला ठिपके जसे मिळाले तसे त्याने ओतले.

एक चुकीचा ठिपका काय करू शकतो हे पाहायचं असेल तर रानपिंगळ्याची गोष्ट आठवावी. ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने १८७३ साली या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे सगळे मिळून सात नमुने, सगळे १८७२ ते १८८४ या काळातले. काही पूर्वेकडचे, आजच्या छत्तीसगडच्या बाजूचे. काही खानदेशातले, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने जमवलेले. त्यानंतर एकच नोंद: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे गुजरातेत, एक पक्षी मिळवल्याची, नमुन्याला बांधलेली चिठ्ठी. सर्वांत ताजी नोंद तीच, म्हणून शोध घेणाऱ्यांनी स्वाभाविकपणे त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवला. हाती काही लागलं नाही. पक्षी नामशेष झाला असावा असं बोललं जाऊ लागलं.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञांनी संग्रहालयातले नमुने नीट तपासले तेव्हा निघालं ते भलतंच. कर्नलसाहेबांचा पक्षी चोरीचा होता. डेव्हिडसनने जमवलेला जुना नमुना ब्रिटिश संग्रहालयातून उचलून, उसवून, नव्याने भरून त्यांनी त्यावर आपली चिठ्ठी लावली होती. मांडवीचा ठिपका बनावट. तो बाजूला ठेवला, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत रासमुसेन शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पोचल्या. रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला होता. मधे ११३ वर्षं गेली होती.

शहाद्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं ती ११३ वर्षं रोज त्या झाडांखालून जात-येत होती. त्यांनी तो पाहिला नसेल असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांच्या सांगण्याला चिठ्ठी लावायला कुणी तयार नव्हतं. हे जरा बाजूला ठेवते, पुन्हा त्याकडे यायचं आहे.

पुढे रानपिंगळा मेळघाटात, यावलला, मध्य प्रदेशात सापडला आणि ‘सातपुड्याचा पक्षी’ म्हणून सगळ्यांच्या डोक्यात पक्का झाला. मग ऑक्टोबर २०१४मध्ये तो दिसला तानसा अभयारण्यात. तानसा म्हणजे मुंबईला पाणी पुरवणारा तलाव! तोवर केवळ सातपुड्यातले ठिपके वापरून कुणी त्याचा नकाशा काढला असता, तर तानसाचा ओलसर कोपरा त्यात बहुधा फिकटच निघाला असता. आणि त्या फिकट रंगावर बोट ठेवून कुणी रस्ता आखला असता.

दुसरं उदाहरण बिबट्याचं. बिबट्या म्हणजे जंगल, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी आणि वन खात्याच्या जुन्या समजुतींनी ठरवून टाकलं होतं. गणती जंगलात, कॅमेरे जंगलात, म्हणून ठिपके जंगलात. संगणकाला हे ठिपके दिले की तो प्रामाणिकपणे सांगणार: बिबट्याला झाडोरा लागतो, माणसांची वस्ती चालत नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या बागायती खोऱ्यात, उसाच्या फडांमध्ये कॅमेरे लावले. हे अकोले नगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं. तिथे दर चौरस किलोमीटरला ३००हून जास्त माणसं राहतात आणि हरणासारखं जंगली भक्ष्य नाहीच. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशोब होता दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे. कुत्र्यांवर, शेळ्यामेंढ्यांवर जगणारे, उसात पिल्लं घालणारे. जुन्नरच्या शेतकऱ्याला हे ऐकून कसलंच आश्चर्य वाटणार नाही. रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला जाताना तो बॅटरी आणि काठी घेऊन जातो, ती काय हौस म्हणून?

ठिपके जिथून येतात तिथलंच चित्र नकाशात उमटतं. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडणारे आपण कुठे जातो? सिंहगड, भिगवण, कास, फार तर ताम्हिणी. जिथे गाडी जाते, जिथे मिसळ मिळते. पक्ष्यांच्या नोंदींचा नकाशा नुसता उघडला तरी रस्त्यांचं जाळं त्यात स्पष्ट दिसतं. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात नोंदी नसतात, याचा अर्थ तिथे पाखरू नाही असा होत नाही. तिथे पुण्याचं कुणी गेलेलं नाही एवढाच होतो. यावर उपाय आहेत. ईबर्डसारख्या उपक्रमात दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी द्यायला सांगतात, त्यामुळे काय दिसलं नाही हेही कळतं. एकाच जागी चार-सहा वेळा जाऊन, ‘असूनही न दिसण्या’ची शक्यता मोजून हिशोब करायच्या पद्धती गेली वीसेक वर्षं वापरात आहेत. पण त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि सल्लागार कंपनीच्या अंदाजपत्रकात गाडीभाडं एकाच फेरीचं असतं.

एकदा कोकणातल्या एका जनसुनावणीला मी गेले होते. मांडवात खुर्च्या, समोर टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि पडद्यावर असाच एक रंगीत नकाशा. प्रकल्प ज्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, होणार तो सडा त्यात फिकट पिवळा. कंपनीच्या वतीने बोलणारा तरुण म्हणाला, मॉडेलनुसार इथे महत्त्वाच्या प्रजातींसाठी योग्य अधिवास नाही. मी विचारलं, ठिपके किती होते? तो म्हणाला, अहवालात आहे. अहवालात नव्हतं. मराठीत होता तो नुसता सारांश, आणि इंग्रजी जोडपत्रात प्रजातींची यादी होती, ठिपके नव्हते. पाहणी कधी केली, यावर मात्र उत्तर आलं: मार्चमध्ये. मागच्या रांगेतल्या एक आजी उठून म्हणाल्या, ‘‘मार्चात सड्यार काय दिसतला? पावसात येवा.’’ मांडव हसला. सभेच्या वृत्तांतात मात्र आजींचं वाक्य आलं नाही.

आजींचं म्हणणं शास्त्राच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर होतं. जांभ्याचा सडा उन्हाळ्यात करपलेल्या तव्यासारखा दिसतो. पहिल्या पावसानंतर तिथल्या दगडाच्या खळग्यांत, बोटभर मातीत जे उगवतं त्यातलं बरंचसं जगात दुसरीकडे कुठेच नाही. ऑक्टोबर संपला की ते सगळं पुन्हा बियांत आणि कंदांत जाऊन झोपतं. मार्चच्या पाहणीत त्या सड्यावर काही न सापडणं हा सड्याचा गुण नव्हे, मार्चचा गुण आहे.

आणि समजा ठिपके नीट मिळाले, तरी थरांचं काय? वर्ल्डक्लिमचा सगळ्यात बारीक चौकोन आपल्याकडे साधारण ८० हेक्टरांच्या पुढे जातो. त्यातला पाऊस ही काही प्रत्येक चौकोनात मोजलेली गोष्ट नाही. दूरदूरच्या हवामान केंद्रांवरून मधल्या जागा गणिताने भरलेल्या आहेत. सपाट मुलखात हे खपून जातं. सह्याद्रीत? महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्याही आत. एस. टी.ने तासाभराचा रस्ता. याच्या जोडीला आंबोलीची एक मासोळी ठेवून पाहा. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, देवळाजवळच्या पाण्यात राहणारी ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ २०२० साली शास्त्राला माहीत झाली आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्या वारसा स्थळाचं क्षेत्रफळ २.११ हेक्टर. म्हणजे जागतिक हवामान नकाशाच्या एका चौकोनात अशी जवळजवळ चाळीस वारसा स्थळं मावतील. तो चौकोन त्या मासोळीबद्दल काय सांगणार?

गुणांकनाची एक गंमतही सांगितली पाहिजे, कारण अहवालांत ती फार चालते. मॉडेल किती चांगलं, हे शून्य ते एक असा एक आकडा सांगतो. तो ०.९च्या वर गेला की अहवालात ठळक अक्षरांत छापतात. पण तो फुगवणं सोपं आहे. सह्याद्रीतल्या बेडकाचं मॉडेल करताना तुलनेचे बिंदू उचलायला अख्खा भारत घ्यायचा, थरचं वाळवंट आणि लडाख धरून. मग संगणकाला काम उरतं ते बेडूक थरच्या वाळवंटात राहत नाही हे ओळखायचं. ते तो अचूक ओळखतो आणि जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवतो. आंबोलीचा कोणता ओढा राखायचा, हा मूळ प्रश्न होता तिथेच.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की मला ही साधनंच नकोत. उलट आहे. माझं पोट त्यावर चालतं, आणि नीट वापरली तर ती काय करू शकतात हे मी पाहिलं आहे. ख्रिस्तोफर रॅक्सवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करमधल्या ११ सरड्यांची मॉडेलं केली. हे सगळे शॅमेलिऑन. काही ठिकाणी मॉडेल म्हणत होतं ‘इथे असायला हवा’, पण तो सरडा तिथे कधी सापडला नव्हता. एखाद्याने त्याला चूक म्हणून खोडलं असतं. हे लोक तिथे जाऊन पाहून आले, आणि त्या भागांतून शास्त्राला माहीत नसलेल्या सात नव्या प्रजाती निघाल्या. २००३ सालची गोष्ट. नकाशा म्हणजे कुठे जाऊन पाहायचं याची यादी, असं धरलं की तो सोन्यासारखा. जाण्याऐवजी वापरला, की खोटा.

आपल्याकडचंही एक चांगलं उदाहरण आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या कोरडवाहू मोकळ्या माळांचा, गवताळ आणि खुरट्या झुडपांच्या प्रदेशांचा नकाशा तयार केला. २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. देशाच्या सुमारे १० टक्के जमिनीवर असे माळ पसरलेत आणि त्यातला ५ टक्क्यांहून कमी भाग संरक्षित आहे. सरकारी दप्तरात हीच जमीन ‘पडीक’ म्हणून लागलेली असते. तिथे झाडं लावा, सौर पॅनेल लावा, एमआयडीसी आणा. सुप्याच्या माळावरची चिंकारा, सासवडकडचा लांडगा, धनगरांच्या मेंढ्या, सगळे त्या ‘पडीक’वर जगतात. त्या नकाशाशी मतभेद असू शकतात, पण तो सगळ्यांना पाहायला खुला आहे, आपल्या गावाचा माळ शोधून ‘हे चुकलंय’ असं म्हणता येतं. वाद घालता येण्याजोगा नकाशा, हीच त्याची किंमत.

नकाशे बंद दाराआड आखले की काय होतं, हे सोलापूर आणि नगर जिल्ह्यांइतकं कुणाला माहीत नसेल. माळढोकसाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य होतं ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं होती, गावं होती, तालुक्याची ठिकाणं होती. जमिनीचा व्यवहार करायचा तर वन खात्याचा अडसर. तीसेक वर्षांनी, न्यायालयापर्यंत जाऊन, ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. या सगळ्या वर्षांत माळढोक वाढला नाही; त्याच्याबद्दलचा राग मात्र वाढला. मोठी रेघ ओढली म्हणजे मोठं संरक्षण, हा भ्रम त्या पक्ष्याला महागात पडला. आज सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते.

त्याच पक्ष्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. क्षेत्र सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर. त्यात पक्षी खरोखर जिथे आहे तो ‘प्राधान्य’ भाग थोडा आणि ‘संभाव्य’ भाग कितीतरी मोठा. सौरऊर्जेवाल्यांनी त्या ‘संभाव्य’ शब्दावर बोट ठेवलं आणि मार्च २०२४मध्ये न्यायालयाने आदेश सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. तारांना धडकून माळढोक मरतात हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण ‘संभाव्य’ म्हणजे नेमकं काय, किती खात्रीने, हे सामान्य माणसाला समजेल असं पहिल्या दिवसापासून मांडलेलं असतं, तर एवढी ओढाताण झाली नसती.

पश्चिम घाटाचं तर काय सांगावं. माधव गाडगीळ यांच्या समितीने घाटाचे सुमारे ९ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले, त्यांना गुण दिले आणि अहवालातच लिहिलं, की अंतिम हद्दी ग्रामसभांशी बोलून ठरवा. अहवाल ऑगस्ट २०११मध्ये सादर झाला. सरकारने तो दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर मे २०१२मध्ये तो लोकांसमोर आला. मधल्या नऊ महिन्यांत घाटभर अफवा पिकल्या: गुरं चारता येणार नाहीत, घरावर मजला चढवता येणार नाही, काजू लावता येणार नाही. जो नकाशा लोकांपुढे ठेवून सुधारून घ्यायचा होता, तो आधी भुतासारखा लोकांच्या अंगावर सोडला गेला. पुढे कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवर जास्त बारीक नकाशा केला आणि २०१४पासून अधिसूचनेच्या मसुद्यांवर मसुदे निघत आहेत. सहावा २०२४च्या जुलैअखेर निघाला. चौकोन बारीक झाले म्हणून विश्वास वाढत नाही.

आता गंभीर आक्षेप. सगळे ठिपके उघडे टाकले तर शिकारी आणि तस्कर त्यांचाच उपयोग करतील. हा आक्षेप खरा आहे. दक्षिण चीनमधली एक पाल १९९९ साली शास्त्रीय नाव मिळाल्यावर, जिथून तिचं वर्णन झालं त्या जागेवरून संपली. हौशी संग्राहकांनी उचलून नेली. डेव्हिड लिंडनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये उघडपणे लिहिलं, की दुर्मीळ प्रजातींची नेमकी ठिकाणं छापू नका. आपल्याकडे खवल्या मांजराचं आणि कासवांचं काय होतं ते रोजच्या वर्तमानपत्रात येतं.

पण याची तोड आहे आणि ती वापरातही आहे. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ संकटग्रस्त जिवाची नोंद जाहीर करताना नेमका बिंदू लपवतं आणि सुमारे २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठेवून देतं. न्यायालयाला, तपासणाऱ्या समितीला खरा बिंदू देता येतो. बाकीच्यांना किती नोंदी, कुठल्या महिन्यातल्या, कुणी घेतलेल्या हे तरी कळतं. लपवायचं ते जिवाच्या जिवासाठी. आज लपवलं जातं ते बहुतेकदा पाहणी करणाऱ्याच्या अब्रूसाठी. फुरशाच्या, रानकोंबडीच्या, कुड्याच्या झाडाच्या नोंदीत कसलं आलंय गुपित?

आणि पैसा आपला आहे. २०१८-१९च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ जागी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यातले वाघांचे ७६,६५१. उरलेल्या कोट्यवधी फोटोंमध्ये भेकरं आहेत, साळिंदरं आहेत, उदमांजरं आहेत, गवत कापायला गेलेल्या बायाही आहेत. बायांचे चेहरे पुसा. पण भेकर आणि साळिंदर यांची प्रत्येक नोंद खुल्या साठ्यात का जाऊ नये? तशीच प्रत्येक प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातली. पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेपासून या देशात किती अहवाल झाले असतील, किती माणसं किती सड्यांवरून आणि खाड्यांवरून फिरली असतील. ते सगळे ठिपके कंपन्यांच्या हार्ड डिस्कमध्ये मेले. पुढच्या प्रकल्पासाठी पुन्हा मार्चमध्ये नवी गाडी निघते. मंजुरीची अट म्हणून मूळ नोंदी आणि मॉडेलची फाइल जमा करायला लावली तर खर्च किती? मॅक्सेंट फुकट, नकाशे काढायचं क्यूजीआयएस फुकट, नोंदी आधीच घेतलेल्या. ईमेलला जोडायला जेवढा वेळ लागेल तेवढा.

एक साठा मात्र आपल्याकडे आधीच आहे, आणि शहाद्याच्या पाड्यांबद्दल मी मघाशी बाजूला ठेवलेलं म्हणणं इथे येतं. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या झाल्या आणि त्यांनी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या असं ठरलं. देशात अशा अडीच लाखांहून जास्त नोंदवह्या झाल्या. हरित न्यायाधिकरणाने २०२०ची मुदत दिल्यावर कित्येक घाईघाईत उरकल्या गेल्या. शेजारच्या गावाची यादी उतरवून काढलेल्याही मी पाहिल्यात, समुद्रापासून दोनशे किलोमीटरवर खेकड्यांच्या सागरी जाती असलेल्या. पण काही ठिकाणी जुन्या माणसांनी बसून सांगितलंय आणि कुणीतरी शिक्षकाने मन लावून लिहिलंय. असली नोंदवही हा दहा मॉडेलांच्या तोडीचा ऐवज आहे.

अशी एक वही मागच्या उन्हाळ्यात मी बघितली. गावाचं नाव सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली भाऊसाहेबांकडे, भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला. दुपारी तीनला ते आले, कपाट उघडलं, घरपट्टीच्या पावत्यांखालून वही काढून दिली. निळ्या शाईतलं टपोरं अक्षर. पान १४ वर खवल्या मांजर, आणि पुढे ठिकाण: कुठल्या ओढ्याला, कुठल्या झाडापाशी, कुठल्या महिन्यात, सांगणाऱ्याच्या नावासकट. माझ्या हातात मोबाइल होता. त्या एका ओळीत मला हवं ते सगळं होतं, आणि एखाद्या तस्करालाही.

फोटो मी काढला नाही. सरपंचताईंना विचारलं, की याचं काय करायचं, यातलं किती बाहेर सांगायचं आणि किती नाही. त्या थोडा वेळ पानाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘मॅडम, हे मी एकटी कशी सांगू? पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवते. तुम्ही या त्या दिवशी.’’ भाऊसाहेबांनी वही पुन्हा पावत्यांखाली ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.